वेणीचं तारण

सेव्हर्न नदीकाठच्या त्या गावात लग्नाच्या शब्दाचे, ‘वेडलाक’चे, दोन तुकडे होते. पहिला ‘वेड’, म्हणजे दिल्या वचनामागे ठेवलेलं तारण. दुसरा ‘लाक’, म्हणजे ते वचन निभावणं. केनरेडनं पहिला तुकडा वुल्फरुनच्या दारी ठेवला, शिंगाच्या मुठीची आपली सुरी, आणि तो समुद्रापलीकडून चालून आलेल्या डेन लोकांशी लढायला गेला. दोन हिवाळे सरले. दुसरा तुकडा अजून वाटेतच होता.

आज सकाळी वुल्फरुनच्या पेटीत सुरी नव्हती.

“दादा, सुरी कुठंय?”

ओस्गार बैल जुंपत होता. मान वर न करता म्हणाला, “नदीला दिली.”

“माझं लग्न होतं ते.”

“लोखंड होतं. तारण गेलं, वचन सुटलं. दुपारी पाणचक्कीवाला हुनलाफ तुझ्यासाठी त्याचं तारण घेऊन गावसभेत येतोय. पोटभर भाकरी तरी मिळेल.”

“त्याच्या दोघी बायका तीच भाकरी खाऊन मेल्या ना?”

ओस्गारनं जू आवळलं. ती धावत नदीवर गेली, छातीएवढ्या पाण्यात शिरली. हाताला शेवाळ लागलं, दगड लागले, कुणाचं फुटकं मडकं लागलं. बोटं बधिर झाली, तरी ती गाळ उपसत राहिली. काठावरून माणसं सभेला निघाली, तेव्हा निथळत तीही गेली.

केनरेडनं सुरी ठेवली तेव्हा सभेचा म्हातारा प्रमुख आल्फस्टन साक्षीला होता. “पोरी, मला आठवतं सगळं,” तो म्हणाला. “पण सभेला माझी आठवण चालत नाही. वस्तू लागते.”

“आणि वस्तू बाईनं ठेवली तर?”

हुनलाफ हसला. “बाईकडं ठेवायला असतं काय?”

तिनं ओस्गारच्या कमरेला खोचलेली, लोकर कापायची कात्री ओढली. गावात केस कापायचे ते चोरट्या बायांचे नि गुलामांचे. तिनं मुळाशी वेणी कापली, म्हाताऱ्यासमोर ठेवली. “केनरेडचं तारण हरवलं. हे माझं, त्याच वचनामागे.”

“कातरलेली मेंढी मला नको,” म्हणत हुनलाफनं आपल्या तारणाचं गाठोडं उचललं.

“माझ्या घरात तुझी भाकरी संपली,” ओस्गार म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

आल्फस्टनचा हात वेणीवर थांबला. “मी हे उचललं, की केनरेड मेलेला असला तरी तू त्याची. मग सुटका नाही, बाळ.”

उघड्या मानेवर वारं बोचत होतं. तिचे दात वाजत होते.

“उचला, बाबा.”