सिग्नलची जागा

"काका, मघाशी तिथं म्हणालात, आता इथं म्हणताय. पहार घेऊन मी काय दिवसभर तुमच्या मागं मागं फिरू?" मुकादम वैतागला होता.

बंद पडलेल्या स्टेशनाच्या इमारतीत आता वाचनालय होतं. रूळ उखडून तिथून रस्ता गेला होता. वाचनालयवाल्यांना स्टेशनाची आठवण म्हणून सिग्नलचा खांब पुन्हा उभारायचा होता, तोही मूळ जागीच. ती जागा सांगू शकणारा एकच माणूस उरला होता. सिग्नलचा दिवा लावायला तो रोज त्या खांबावर चढत असे. "डोळे मिटून दाखवतो," असं त्यानंच सांगितलं होतं.

आणि आता डोळे फाडून पाहिलं तरी काही लक्षात येत नव्हतं. स्टेशनातल्या त्याच्या खोलीच्या खिडकीतून खांब अगदी समोर दिसायचा, एवढं पक्कं. पण ती खिडकी बुजवून दोन नव्या पाडल्या होत्या. एकीसमोर कुंपण येत होतं, दुसरीसमोर बसथांबा. फलाटाच्या टोकावरून अंदाज घ्यावा, तर टोक रस्त्यानं गिळलेलं.

"नळापाशी होता," सोबत आलेली त्याची बायको म्हणाली. "माझं धुणं काळं व्हायचं, विसरलात?"

"अगं, धूर इंजिनाचा. खांबाचा नव्हे!"

"इंजिन खांबापाशीच थांबायचं ना? रोज चष्मा शोधायचा, आता खांबही शोधा!"

मुकादम हसला. त्यालाही हसू आलं, पण अर्ध्यावरच विरलं. तो नळापाशी जाऊन उभा राहिला. इथं असता तर चढताना संध्याकाळचं ऊन डोळ्यांवर आलं असतं. येत होतं का? कधी येत होतं, कधी नाही, असं वाटायला लागलं.

शेवटी त्यानं कुंपणापाशी टाच रोवली. "इथंच. खांब कापून नेला, पण खाली दगडाचा पाया आहे. जपून मार."

"काकू, नक्की ना?" मुकादमानं विचारलं.

तिनं नळावरची नजर काढली. "मला काय विचारता? खांबावर हे चढायचे."

पहार चालू झाली. प्रत्येक घावाला तो कान लावून होता. खड्डा गुडघाभर झाला, कमरेएवढा झाला. नुसती भुसभुशीत माती.

"काका, पाया कुठाय?"

"नेला असेल कुणीतरी उपटून," बायको म्हणाली. "दगड कामाला येतात."

त्यानं मान डोलावली, आणि वाकून खड्ड्यात पाहत राहिला.