पडद्यावरचा अपाची

अमेरिकेच्या वाळवंटात, आमच्या केयेंटाच्या शाळेत सिनेमा येणार म्हटल्यावर मेंढरं राखायला माणूस मिळेना. आपली माणसं दिसणार, हेच ज्याच्या त्याच्या तोंडी. खिडक्यांवर घोंगड्या टांगून भरदुपारी अंधार केला होता, आत मुंगी शिरायला जागा नव्हती. देसबाला आनंदानं बसवत नव्हतं आणि भीतीनं उठवत नव्हतं.

सिनेमात तिचा नवरा होस्की होता. गेल्या उन्हाळ्यात सिनेमाचे कंपनीवाले लाल खडकांपाशी आले आणि त्यांनी आम्हा नवाहो आदिवासींना पिसं बांधून दुसऱ्याच जमातीचे, अपाची केलं. अपाचींचा सरदार मात्र गोराच, तपकिरी रंग फासलेला. फक्त शेवटच्या भाषणाला त्यांना इंग्रजीऐवजी आमच्यातली खरी भाषा हवी होती, म्हणून होस्कीला पुढं उभं केलं. बोलायचं काय, तर आम्ही हरलो, ही जमीन आता तुमची.

हे कळल्यापासून देसबाची आई हानाबा पेटली होती. तोंडून निघालेला शब्द खरा होतो, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. जमीन देऊन आलेल्याला माझ्या घरात जागा नाही, असं बजावून तिनं सकाळीच जावयाचं खोगीर दाराबाहेर ठेवलं. नवऱ्याचं खोगीर बाहेर गेलं की संसार मोडला, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. ते आत घ्यायचं की नाही, हे सिनेमा ऐकून ठरणार होतं. देसबानं नवऱ्याला हजारदा विचारलं, पण "पडद्यावर ऐक की," म्हणून तो डोळा मारायचा. मेल्याला मस्करी सुचत होती.

आमच्यात सासू-जावयानं एकमेकांचं तोंड पाहायचं नाही, पाहिलं तर डोळे जातात. म्हणून हानाबा आत शिरताच होस्की बाहेर पळाला. पडद्यावरही तो दिसू नये म्हणून म्हातारी डोक्यावरून ब्लँकेट ओढून, नुसते कान टवकारून बसली.

अपाची मेले, घोडे बदलून आले, तेच पुन्हा मेले. लोक एकेकाला नावानं हाका मारत होते. मग होस्की आला, पडदाभर. समोर गोऱ्या फौजेचा टोपीवाला कर्नल. देसबा बाकावरून पुढं झुकली.

"ह्या टोपीवाल्याची विजार मागून फाटलीय," होस्की धीरगंभीर आवाजात म्हणाला, "आणि त्याला कुणी सांगितलेलं नाही. इथं पाणी कुठं आहे, ते त्याला ठाऊक नाही. आमच्या सासूच्या मेंढरांना ठाऊक आहे. आम्ही कुठं जात नाही. त्याला मटणाचा रस्सा पाजा आणि घरी धाडा."

भाषेचं अक्षरही न कळता कर्नलचे डोळे पाणावले. इकडे हॉल फुटला. माणसं बाकांवरून घसरली, बायका पदर तोंडात कोंबावेत तशा शाली कोंबू लागल्या. आधी बोभाटा झाला असता तर कंपनीवाल्यांनी कात्री लावली असती, म्हणून लबाडानं बायकोलाही पत्ता लागू दिला नव्हता. देसबा हसता हसता रडली.

तेवढ्यात तिचं लक्ष आईकडे गेलं. हसण्याच्या उबळीत ब्लँकेट पार खांद्यावर आलं होतं आणि हानाबा टक लावून पडद्याकडे बघत होती. देसबानं तिचा दंड धरला.

"आई, अगं, बघितलंस त्याला!"

"कुणाला?" हानाबानं डोळे पुसले. "जावई माझा नवाहो आहे. कंपनीवाले सांगताहेत ना, हा अपाची आहे म्हणून? बघू दे मला नीट. आणि घरी गेल्या गेल्या ते खोगीर आत घे, उन्हानं कातडं तडकेल."