डब्याबरोबर फुकट मिळालेली अंगाई

सगळी गल्ली तिला दातवाली म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ती कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून तोंडांचे ठसे यायचे. त्यांत ती प्लास्टर ओतायची, मेणाच्या हिरड्या चढवायची, एकेक दात ओळीत बसवायची. माणूस कधी डोळ्यांनी पाहिलेला नसे, पण ठसा हातात आला की तिला कळायचं, हा एकाच बाजूने चावतो, ही झोपेत दात खाते. ओळख पटवण्याच्या कामात आपण चुकत नाही, असा तिचा समज होता. त्या खोक्यात हात घालेपर्यंत तो टिकला.

ती गेली होती टेबलावरचा दिवा आणायला. जुन्या वस्तूंचं ते दुकान म्हणजे बोळच, लांबट आणि अंधारं, दोन्ही बाजूंना छतापर्यंत सामान. नावाजलेल्या गाण्यांच्या रेकॉर्डी वर काचेच्या कपाटात, नव्या नवरीसारख्या जपलेल्या. खाली पायाशी एक खोकं, त्यात कुणालाच नको असलेल्या. पाठदुखीवरचे व्यायाम. आगगाडीच्या इंजिनांचे आवाज. पोपटाला बोलायला कसं शिकवावं.

"हे कोण घेतं हो काका?"

"कुणी नाही," दुकानदार म्हणाला. "उंदीरसुद्धा तोंड लावत नाहीत. न्यायच्या तर वजनावर न्या, ताई, माझी जागा तरी मोकळी होईल."

पोपटाच्या मागे एक कागदासारखी पातळ रेकॉर्ड होती. पाकिटावर पावडरीचा डबा आणि डब्याला मिठी मारून बसलेलं गुबगुबीत बाळ. तिने ती अलगद बाहेर ओढून उजेडात धरली.

आई गेली तेव्हा ती रांगत होती. आईचा फोटो होता, आईची शाल होती, आईच्या नाकाचा शेंडा आरशात रोज दिसायचा. आवाज मात्र नव्हता. आवाजाच्या जागी वडिलांचं एक वाक्य होतं, "तुझी आई एकदा पावडरीच्या जाहिरातीत गायली होती, डब्याबरोबर रेकॉर्ड फुकट मिळायची." ती रेकॉर्ड घरात आलीच नाही, कारण तेव्हा वाजवायला यंत्र नव्हतं, आणि यंत्र घेऊ म्हणेपर्यंत आई नव्हती.

तिने दिवा घेतला नाही. अख्खं खोकं उचललं आणि वाजवायचं एक जुनं यंत्रही घेतलं.

"पट्टा मी नवा घातलाय," दुकानदाराने बजावलं, "पण जरा लहरी आहे. कधी धावतो, कधी रेंगाळतो. हे बटण आहे बघा, हळू-जलद करायचं. कानाला बरं वाटेल तिथे ठेवा."

घरी आल्यावर तिने दार लावलं, सुई टेकवली. आधी खरखर, मग एक बाई गाऊ लागली:

*दिवा निजला, दार निजलं, निजली पायरी,*
*माझ्या बाळाच्या डोळ्यांत नीज येईना घरी.*

तिला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. अंगावर काटा येईल, पोटात कालवेल, डोळे आपोआप वाहतील. काहीच झालं नाही. एक बाई गात होती, गोड गात होती, एवढंच. मग एक पुरुष येऊन पावडरीची महती सांगू लागला. तिने सुई उचलली, पुन्हा ठेवली. पुन्हा तेच. आईच्या कुशीत झोपलेलं हे शरीर, त्याला आईचा गळा ओळखू येऊ नये? की ही आई नव्हेच? की आपल्यातच काही कमी आहे?

वडील आतल्या खोलीतून काठी टेकत आले.

"कोण गातंय?"

"तुम्हीच सांगा बाबा."

ते खुर्चीत बसले. कान पुढे केला. कपाळावर आठी पडली. "तीच... पण नाही. असं भरभर नाही गायची ती." त्यांनी बटणाकडे हात नेला. थोडं फिरवलं. "अजून. जरा अजून. हां, थांब! ही!" आणि ते खुदकन हसले, तिने कधी न पाहिलेलं हसू. "ही बघ, पोरी. ही तुझी आई."

तिने त्या जागी बटणाच्या कडेला गुलाबी मेणाचा ठिपका लावला आणि सुस्कारा सोडला. चला, झालं एकदाचं.

रविवारी मावशी आली. मावशी म्हणजे आईची पाठची बहीण, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. रेकॉर्ड ऐकली आणि तोंडाला पदर लावून हसायलाच लागली.

"भावोजी, ही माझी बहीण? अहो, ही तर जांभया देतेय! ताईचा गळा बारीक होता, चिमणीसारखा. सरका." तिने मेणाच्या ठिपक्याची पर्वा न करता बटण पार पलीकडे नेलं. "ही! ऐका. ही माझी ताई."

"ही होय? ही तर शेपटीवर पाय पडलेली मांजर!"

"तुम्ही किती वर्षं ऐकलंत तिला? मी जन्मापासून ऐकलंय."

"आणि मी लग्नापासून! लग्नानंतर बाईचा आवाज खरा सुटतो."

"सुटतो कशाला, चढतो! तुमच्यापायी!"

दातवालीने निमूटपणे दुसरा ठिपका लावला. त्यानंतर घरात दोन आया नांदू लागल्या. सकाळी वडिलांची, सावकाश, दाट, दुपारच्या सावलीसारखी. मावशी आली की मावशीची, पातळ, पळती, पाण्यावरच्या किरणासारखी. आणि ती मधे, आज हिची लेक, उद्या तिची. कामावर मन लागेना. एका म्हाताऱ्याच्या कवळीत तिने सुळा उलटा बसवला. असं आजवर कधी झालं नव्हतं.

एकदा संध्याकाळी वडिलांच्या ठिपक्यावर अंगाई चालू होती. ती भांडी पुसता पुसता सोबत गुणगुणली. आणि हातातलं ताट तसंच राहिलं. दोन्ही आवाज एकच होते. तिचा आणि रेकॉर्डमधला. कुठे तसूभर फरक नाही.

तिने मावशीला फोन लावला. "मावशी, एक ओळ म्हण ना ती."

"आत्ता? भाजी शेगडीवर आहे गं."

"एकच ओळ."

मावशी गायली. तिकडे मावशी आणि इकडे बटण मावशीच्या ठिपक्यावर. जुळ्या बहिणी गाव्यात तसं.

तिने फोन ठेवला. बाबांनी आईला शोधलंच नव्हतं. इतक्या वर्षांत घरात बाईचा आवाज एकच होता, लेकीचा, त्यालाच त्यांनी नकळत आईचा करून टाकलं होतं. आणि मावशीने बहीण म्हणून आपलाच गळा जपला होता. दोघांपैकी कुणी खोटं बोलत नव्हतं. मग खरी कुठे होती? बटण इकडून तिकडे फिरवावं तर एक म्हातारी हळूहळू पोर होत जायची, आणि त्या सगळ्या बायकांमधली कुठली आपली, हे ठरवायला स्वतःपाशी एकही आठवण नव्हती. तिच्याजवळ लावायला ठिपकाच नव्हता.

ती परत त्या बोळात गेली. दुकानदाराने ऐकून घेतलं, डोकं खाजवलं, आणि ड्रॉवर उपसून एक पुठ्ठ्याची चकती काढली. चकतीवर गोलाकार काळे ठिपके.

"रेकॉर्डीवर ही ठेवा आणि ट्यूबलाइटखाली फिरवा. वेग बरोबर नसला तर ठिपके पुढे-मागे सरकतात. बरोबर झाला की उभे राहतात. रेकॉर्ड फिरतेच, ठिपके उभे."

"म्हणजे तो खरा आवाज?"

"तो खरा वेग. आवाज कुणाचा, ते मला काय माहीत, ताई?"

तिने मावशीला बोलावून घेतलं, वडिलांना खुर्ची दिली, ट्यूब लावली. चकती फिरू लागली. ठिपके मुंग्यांसारखे एका दिशेने निघाले. तिने बटण सरकवलं, ते उलट निघाले. अगदी केसभर, अजून केसभर, आणि ठिपके थबकले. खाली सगळं गरगरत होतं आणि वर ते जागच्या जागी, श्वास रोखल्यासारखे. तिने चकती अलगद काढली, सुई टेकवली.

*दिवा निजला, दार निजलं, निजली पायरी...*

ना वडिलांची, ना मावशीची. तिसरीच कुणी. आवाज मधलाच, साधा, ओळीच्या शेवटी किंचित बसणारा. आणि नाक चोंदलेलं. "निजली"चं चक्क "दिजली" होत होतं.

"ही कोण बाई?" वडील म्हणाले. "हिला तर सर्दी झालीय."

"ताईला व्हायचीच की सर्दी," मावशी म्हणाली, पण तिचा सूर उतरला होता. "बारा महिने रुमाल हातात."

"काहीतरीच. तिला कधी शिंकसुद्धा आली नाही."

"भावोजी, तुम्हाला आठवत नाही."

"आणि तुला आठवतं? मग परवा चिमणी कशी काय ऐकलीस?"

 मावशी लहान मुलीसारखी म्हणाली, "आता मला काहीच आठवेना हो. ही असेल. नसेलही. दुसऱ्याच कुणाकडून गाऊन घेतलं असेल त्यांनी, कोण सांगणार?"

वडिलांचा हात बटणाकडे निघाला होता. आपली बाई परत आणायला, सवयीने. दातवालीने तो मधेच धरला.

"राहू द्या, बाबा."

"अगं पण ही ती नाही."

"असेल, नसेल. तुमची तुम्ही ऐकलीत, मावशीची मावशीने ऐकली. त्या दोघींशी माझी ओळख तुमच्यामार्फत. हिला कुणीच ओळखत नाही ना? मग हिच्याजवळ मला बसू द्या."

 वडिलांनी हात मागे घेऊन काठीच्या मुठीवर ठेवला. मावशी चहा टाकते म्हणून उठली आणि उठता उठता परत बसली.

त्या बाईने दुसरं कडवं उचललं. मधे एकदा तिने नाक ओढलं, अगदी बारीक, कुणाच्या लक्षात येऊ नये असं. दातवालीच्या अंगावर काटा आला नाही, डोळे वाहिले नाहीत. तिने फक्त खुर्ची आणखी जवळ ओढली, परक्या पाहुणीशी बोलायला विषय सुचेना की माणूस जसं नुसतंच जवळ सरकतं, तशी.