वरच्या फळीचा स्टूल

मित्रांनो, मी एका लहानशा वाचनालयातला जुना लाकडी स्टूल आहे. मला फारसे काही वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. लाकडाला कुठे काय वाटते? तरी माझी हकीकत ऐका.

एका सुताराने मला दाराच्या उरलेल्या लाकडातून केले. चार पाय, वर बैठक, आणि पाय फाकू नयेत म्हणून खाली आडव्या पट्ट्या. काम झाल्यावर तो स्वतः माझ्यावर उभा राहिला आणि दोन उड्या मारून म्हणाला, "हत्ती बसला तरी हलणार नाही." त्या एका कौतुकावर मी पुढची कितीतरी वर्षे काढली.

भुताखेतांची, खुनांची, अंधाऱ्या तळघरांची पुस्तके मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून वाचनालयाच्या काकूंनी ती अगदी वरच्या फळीवर ठेवली होती. त्यांच्यासाठी माझ्यावर चढायचे, पुस्तक काढायचे आणि माझ्यावरच बसून पहिली काही पाने वाचून पाहायची, अशी इथली रीत. मला वाचता येत नाही. पण पुस्तक कसे आहे ते मला पायांवरून कळते. भीती वाटली की माणूस नकळत जमिनीवरचे पाय उचलतो आणि माझ्या पट्टीवर ठेवतो. खालून कोणी घोटा धरेल, असे वाटत असावे. भल्याभल्या मिशीवाल्यांनी माझ्यावर बसून पाय वर घेतले आहेत.

सगळ्यात आधी पाय वर घ्यायच्या त्या इथे नेहमी येणाऱ्या एक ताई. त्या इस्पितळात एक्स-रे काढायच्या. दिवसभर माणसांची हाडे बघायच्या, पण कागदावरचे भूत म्हटले की त्यांची बोबडी वळायची. त्यांचे यजमान मात्र या फळीचे पक्के गिऱ्हाईक. डावीकडून सुरुवात करून एकेक पुस्तक घरी न्यायचे आणि ताईंना मोठ्याने वाचून दाखवायचे. मग ताई तक्रार घेऊन यायच्या, "काकू, यांना भरतकामाचं काहीतरी द्या हो. काल पाणी प्यायला उठायचीसुद्धा हिंमत होईना." यजमान गालातल्या गालात हसायचे आणि पुढचे पुस्तक काढायचे.

फळी निम्मी वाचून झाली आणि यजमान गेले. आजार नाही, काही नाही. कचेरीत, बसल्या खुर्चीत.

काही दिवसांनी ताई एकट्या आल्या. यजमान जिथे थांबले होते त्याच्या पुढचे पुस्तक त्यांनी काढले आणि माझ्यावर बसून वाचू लागल्या. दोन्ही पाय जमिनीवर होते. मी वाट पाहिली. पाय हलले नाहीत.

तेव्हापासून त्या पुस्तक परत करताना काकूंना मत सांगू लागल्या, अगदी सपाट आवाजात. "बाई आरशातून बाहेर येते. आली तर आली. मी तेव्हा चहा गाळत होते." किंवा, "या लेखकाचं दार करकरल्याशिवाय पानच उलटत नाही. तेल घाला म्हणावं." एकदाच त्या जरा थांबल्या. "हे चांगलंय, काकू. यात भूत नाहीच. एका घरात रोज एक ताट जास्त वाढलं जातं आणि कोणीच काही बोलत नाही. इथे घाबरायला हवं, एवढं मला कळलं. वाटलं मात्र काहीच नाही."

"मग नेतेस कशाला गं ही?" काकूंनी विचारले.

"हे गेले तेव्हा मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. आत कोणी राहतच नाही असं वाटतं. म्हटलं, निदान भीती तरी वाटते का बघू. ती आली की बाकीचंही येईल मागोमाग."

 काकूंनी पुढचे पुस्तक पुसून दिले.

या काळात माझ्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. कोणी माझ्यावर ओली कुंडी ठेवली, कोणी रंगाचा डबा सांडला. मागचा एक पाय ढिला झाला. काकूंनी त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि "सुताराला बोलवायला हवं" असे त्या म्हणत राहिल्या. मी करकरायचो. पण त्या फळीखाली करकरण्याचे कोणाला काय वाटणार?

शेवटी फळीवर वाचायचे एकच पुस्तक उरले. "हे मी काढून देते," काकू म्हणाल्या आणि माझ्यावर चढल्या. पुस्तक कोपऱ्यात होते. त्यांनी टाचा उंचावून हात लांबवला. पुठ्ठा निसटला, माझा पाय वाकला आणि काकू तोल जाऊन मागे कलल्या.

ताई किंचाळल्या. त्यांनी झेप घेऊन काकूंच्या कमरेला मिठी मारली आणि दोघी जमिनीवर बसल्या.

"काही नाही झालं गं, सोड," काकू म्हणाल्या. ताई सोडेनात.  "पडला असतात, काकू. तुम्ही पडला असतात."

काकूंनी त्यांना उठवून माझ्यावर बसवले आणि माझा ढिला पाय आपल्या पायाने दाबून धरला. तेव्हा ताईंच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या आणि माझ्या पट्टीवर टेकल्या.  मग ताईंनी हाक मारली, "अहो..." आणि त्या मोठ्याने रडू लागल्या.

मित्रांनो, दुसऱ्याच दिवशी सुतार आला आणि त्याने माझा पाय पक्का बसवला. तुमच्याही घरात एखादा स्टूल डुगडुगत असेल, तर त्याखाली पुठ्ठा सरकवून मोकळे होऊ नका. आणि घरातले कोणी प्रत्येक गोष्टीला सपाट आवाजात उत्तर देत असेल, तर जरा वेळ त्याच्याजवळ बसा.

ते शेवटचे पुस्तक ताईंनी वाचून परत आणले. काकूंनी नेहमीप्रमाणे मत विचारले.

"बरं घाबरवतं," ताई माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पण याच्याइतकं नाही."