सोमवारची गोळी

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि माझा जीव टांगणीला लागला.

"आजार परत डोकं वर काढतोय," त्या म्हणाल्या. "गोळी रोज घेता ना?"

"व्हय की," अव्वा म्हणाली. "उपास सोडून."

अव्वा म्हणजे माझी आई, महादेवी. ती कागलला राहते, मी कोल्हापुरात. तिचा रक्ताचा कॅन्सर गोळीनं चांगला आटोक्यात आला होता. उपाशीपोटी घेऊ नका, असं सांगितलेलं. म्हणून बाई उपासाला गोळीच घेत नव्हती! आणि उपास तरी किती? सोमवार होताच. बरं वाटावं म्हणून गुरुवार धरला, मग शनिवार. श्रावण तर अख्खा. मी तिथंच ओरडले, "अव्वा, कुणी शिकवलं गं तुला हे?"

डॉक्टरबाईंनी मला गप्प केलं आणि समजावून सांगितलं. पेशीतल्या दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटून भलतीकडे जोडले गेले, तिथून हा आजार सुरू झाला. त्या जोडानं जे बिघडतं ते गोळी रोखते. पण खंड पडला की उरलेल्या पेशी वाढतात आणि वाढताना आणखी मोडतोड होते. कधी अख्खं गुणसूत्र जास्तीचं येतं, कधी मोठा तुकडा गळतो. त्यातली एखादी पेशी गोळीला जुमानत नाही, आणि मग तिचीच पिलावळ माजते.

"तसं झालंय का, ते हाडातल्या मगजाच्या तपासणीत कळेल," त्या म्हणाल्या.

मगज काढून झाल्यावर आम्ही बाहेर बाकड्यावर बसलो. मी धुमसत होते. खरं तर भयंकर घाबरले होते.

"आता उपास बंद. सगळे."

"देवाला कबूल केलंय. असं अर्ध्यात सोडू व्हय?" तिनं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. मग म्हणाली, "तू धर की विद्या. मी जेवते."

माझा कशावर विश्वास नाही, हे आमच्या सगळ्या भावकीला ठाऊक आहे. तरी मी "व्हय" म्हणाले.

सोमवारी अव्वा माझ्याकडेच होती. भाकरी खाऊन तिनं माझ्यासमोर गोळी गिळली. रिपोर्ट आला नव्हता. फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायचे. दुपारी तिनं माझ्यापुढं केळं सरकवलं. "एवढं चालतंय गं. खा."

पोटात कावळे ओरडत होते.

"न्हाय," मी म्हटलं. "रिपोर्ट येऊ दे आधी."