हात खाली घ्या

फौजदारिणीने शर्टावरचा बिल्ला ओढून काढला, तेव्हा पिनेबरोबर कापडाचा एक दोराही उसवून आला. बिल्ल्यावर सुरक्षा कंपनीचं नाव होतं. तो नसला की तिचा गडद निळा शर्ट कुठल्याही सरकारी खात्याचा वाटू शकत होता आणि कॉलेजातल्या विभागप्रमुख सरांना नेमकं तेच हवं होतं. खोटं काही बोलायचं नाही, फक्त विचारल्याशिवाय सांगायचंही नाही, असं त्यांनी सकाळीच समजावलं होतं. तिने बिल्ला खिशात कोंबला.

फौजदारीण हे नाव गल्लीने ठेवलेलं. फौजदारी न्यायाच्या पदवीला तिने प्रवेश घेतला, त्याच आठवड्यात. तेव्हा लोक कौतुकाने म्हणत, आता चेष्टेने म्हणतात. कोण कसं म्हणतंय ते कळायला तिला तोंडाकडे बघावं लागे. तिच्या शिक्षणापायी वडिलांनी सायकलदुरुस्तीचा गाळा विकला होता. त्याच गाळ्यात ते आता नव्या मालकाच्या हाताखाली पंक्चर काढत. त्यांनी कधी ब्र काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

आज कॉलेजात प्रवेशाचा दिवस होता. मोठ्या दालनात प्रत्येक विभागाचं टेबल, आणि तिच्या विभागाच्या टेबलामागे पदवीच्या झग्यातला तिचा फोटो, खाली ‘आमची यशस्वी विद्यार्थिनी’. फोटो पाहूनच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तरी ती उभी राहिली. तुरुंगातून सुटलेल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयात एक जागा निघणार होती आणि तिथे सरांचा शब्द चालत असे. अडला हरी, दुसरं काय.

दुपारी एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. बाई कपड्यांच्या कारखान्यात कामाला होती, अर्धी पाळी बुडवून आली होती. राहतं घर गहाण टाकायची तिची तयारी होती. घातलेला पैसा परत येईल का, एवढंच तिला विचारायचं होतं. चेहऱ्यावरून मुलगी आईच्या हट्टाखातर आल्यासारखी दिसत होती.

फौजदारिणीने घोकलेलं सगळं म्हणून टाकलं. पोलीस, तुरुंग, न्यायालयं, सगळीकडे माणसं हवी आहेत. शिकलेल्याला मान आहे. बोलताना तिला स्वतःचीच चीड येत होती, पण तोंड चालूच राहिलं. बाई मात्र प्रत्येक वाक्यागणिक सैलावत गेली. शेवटी तिने मुलीची गुणपत्रिका काढायला आपली पिशवी टेबलावर ठेवली.

पिशवी टेबलाला टेकली मात्र, फौजदारिणीचा हात पुढे झाला. तिने चेन सरकन उघडली, अस्तर दाबून पाहिलं, आतला जेवणाचा डबा उचलून कानाशी हलवला.

“पुढे या,” ती म्हणाली.

आणि बाई पुढे आली. पाय थोडे फाकवून, दोन्ही हात बाजूला पसरून, मान वळवून उभी राहिली. हात पसरायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

“आई, हात खाली घे,” मुलगी म्हणाली. मग फौजदारिणीकडे वळून, तितक्याच हळू आवाजात, “तुम्हीपण पिशवीतून हात काढा.”

बाई ओशाळली. कारखान्यातून सुटताना रोज असंच उभं राहावं लागतं, अंगवळणी पडलंय, असं काहीसं पुटपुटली.

फौजदारिणीचे कान तापले. सरांचा राग, फोटोचा राग, या बाईच्या पसरलेल्या हातांचा तर सगळ्यात जास्त. तिने खिशातला बिल्ला काढून टेबलावर आपटला.

“मी मॉलच्या दारात उभी असते. दिवसभर हेच करते. माझ्या शेजारी उभी असते ती सातवीपर्यंत शिकलीय, पगार दोघींना सारखाच. घर गहाण टाकू नका.”

बाईने पिशवीची चेन लावली. तिथेच थांबायला हवं होतं, पण फौजदारिणीला थांबता आलं नाही.

“आणि असं कुणी म्हटलं की लगेच हात वर करायचे नसतात. संशय कशाचा ते आधी विचारायचं. कारण सांगितल्याशिवाय झडती घेता येत नाही त्यांना.”

“विचारलं तर दुसऱ्या दिवशी काम नाही,” बाई सरळपणे म्हणाली.

“माहितीय मला. मीच घेते ना झडती.”

मुलगी इतका वेळ बिल्ल्याकडे बघत होती.

“हे इथे शिकवतात?” तिने विचारलं.

“काय?”

“कारण विचारायचं असतं, ते.”

फौजदारिणीला नाही म्हणावंसं वाटलं. पुस्तकातल्या त्या ओळीखाली तिने लाल रेघ मारली होती, दोनदा.

“दुसऱ्या वर्षाला,” ती म्हणाली.

मुलीने खुर्ची ओढली आणि गठ्ठ्यातला वरचा अर्ज पुढ्यात घेतला. बाईने तिचा दंड धरला. अगं, त्या काय म्हणाल्या ते ऐकलंस ना, असं दोनदा विचारलं.

“ऐकलं,” मुलगी म्हणाली आणि पेनासाठी हात पुढे केला.

दालनाच्या टोकाला उभ्या असलेल्या सरांना एवढंच दिसलं. त्यांनी फौजदारिणीकडे बघून समाधानाने मान डोलावली. पेन तिच्या खिशाला होतं. तिने ते काढलं आणि मुठीत आवळून धरलं.

“द्या ना,” मुलगी म्हणाली.