दाराआडचा हंबरडा

ऑगस्टा पेलचं नाव गावोगाव झालं होतं ते एका हंबरड्यामुळे. नाटकाच्या तिसऱ्या अंकात बुडालेल्या मुलाचा कोट घेऊन आई खोलीत जाते, दार लावते आणि आतून हंबरडा फोडते. बाप नुसता बाहेर उभा. प्रेक्षक आधीपासून रुमाल काढून तयार असायचे.

आता फोर्ट ली गावातल्या सिनेमाच्या स्टुडिओत त्याच नाटकाचा सिनेमा होत होता, आणि सिनेमा पडला मुका. बंद दार कोण बघत बसणार, असं दिग्दर्शक क्रॉलीचं म्हणणं. त्याने दार उघडं ठेवायला लावलं. ऑगस्टा कॅमेऱ्यासमोर जीव तोडून ओरडली. पडद्यावर पाहिलं, तर दाढ दुखणाऱ्या बाईने आ वासावा तसं दिसत होतं. सगळे हसले. तीही हसली.

"हा प्रसंग गाळूनच टाकू, बाई," क्रॉली म्हणाला.

म्हणजे बाकीच्या सिनेमात तिच्या वाट्याला उरलं नुसतं सूप वाढणं. जेवणाच्या सुट्टीत ऑगस्टाने बरंच डोकं चालवलं आणि क्रॉलीला सांगितलं, की दार लावा आणि कॅमेरा थॅडियसवर ठेवा. थॅडियस म्हणजे बापाचं काम करणारा, नाटकापासूनचा तिचा जोडीदार. तो चपापला.

"अगं, मग तू दिसणार कुठे?"

"तू ऐक म्हणजे झालं."

"इतकी वर्षं ऐकतोच आहे की."

"कसलं ऐकतोस! पुढचं वाक्य घोकत असायचास. इथे पुढचं वाक्यच नाही."

मुक्या सिनेमाचं चित्रण चालू असताना गप्प राहण्याचं कारण कुणालाच नसतं. शेजारच्या सेटवर सुतार ठोकाठोक करत होते, क्रॉली ओरडून सूचना देत होता. ऑगस्टाने दार लावलं आणि हंबरडा फोडला. हातोडे थांबले. क्रॉली सूचना विसरला. थॅडियसचा हात दाराच्या मुठीवर गेला. नाटकात असं काही नव्हतं.

सिनेमा लागला तेव्हा ऑगस्टा मागच्या रांगेत जाऊन बसली. तो प्रसंग आला आणि सगळं थिएटर मुसमुसायला लागलं.

"म्हातारा काय काम करतो हो," शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली. "आणि दाराआड तर कुणीसुद्धा नसणार."

ऑगस्टाला ते झोंबलं. पण पडद्यावर थॅडियसचा हात मुठीवर गेला होता, आणि त्याला ऐकू आलेलं तिला आता स्वच्छ दिसत होतं. तिने त्या बाईकडे रुमाल मागितला.